भिंतीपलीकडचा हात

तारापूरला काही हातमोजे असे आहेत, की ते कोणी कामावर आल्यावर चढवत नाही आणि सुटी झाल्यावर उतरवून ठेवत नाही. ते स्टीलच्या बंद पेटीलाच जोडलेले असतात. माणूस पेटीपुढे उभा राहतो, दोन गोल भोकांतून कोपरापर्यंत हात आत घालतो आणि समोरच्या पारदर्शक तावदानातून बघत काम करतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इथल्या इंधननिर्मिती कारखान्यात प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या ऑक्साइडचं मिश्र इंधन अशाच पेट्यांच्या रांगांमध्ये तयार होतं. या पेट्यांना म्हणतात ग्लोव्ह बॉक्स. प्लुटोनियममधून निघणारे अल्फा कण रबराच्या थराने अडतात, पण त्याची धूळ श्वासावाटे फुफ्फुसात गेली तर घातक ठरते. म्हणून पेटीतल्या हवेचा दाब खोलीपेक्षा थोडा कमी ठेवतात. कुठे फट पडलीच, तर बाहेरची हवा आत जाईल. आतली बाहेर येणार नाही.

वापरून झालेल्या इंधनाची गोष्ट मात्र वेगळी. त्यातून गॅमा किरण निघतात आणि ते रबराला, कातडीला, पातळ पत्र्याला जुमानत नाहीत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. वापरलेल्या इंधनातून उपयोगाचं द्रव्य परत मिळवणारा ‘प्रेफ्रे’ हा प्रकल्प १९७० च्या दशकात तिथेच उभा राहिला. किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करण्याचं कामही पुढे तिथेच सुरू झालं. असं काम जिथे चालतं त्या खोलीला ‘हॉट सेल’ म्हणतात. तिच्या काँक्रीटच्या भिंती मीटरभर किंवा त्याहूनही जाड असतात आणि खिडकीला शिसं मिसळलेली जाडजूड काच असते.

इथे रबरी हातमोजा काय कामाचा? म्हणून भिंतीच्या वरच्या अंगाने एक नळी आरपार नेलेली असते. नळीच्या अलीकडच्या टोकाला माणसाने धरायची मूठ लोंबते आणि पलीकडच्या टोकाला पोलादी चिमटा. मूठ डावीकडे नेली की चिमटा डावीकडे जातो, मूठ पिळली की तो वळतो, दाबली की मिटतो. याचं नाव मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर. आतली बाटली उचलली की तिचं वजन पोलादी पट्ट्यांमधून आणि तारांमधून उलटं येतं आणि माणसाच्या मनगटाला जाणवतं. झाकण घट्ट बसलं की हाताला कळतं. ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रात दूरहाताळणी आणि रोबोटिक्स यांसाठी स्वतंत्र विभागच आहे आणि असे यांत्रिक हात तिथे देशातच घडवले गेले.

डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट चढवून खेळणाऱ्या मुलापुढे नेमका हाच पेच असतो. समोर तलवार दिसते, पेला दिसतो, दाराची कडी दिसते. तो हात पुढे करतो आणि बोटं हवेतून आरपार जातात. त्याच्या आणि त्या वस्तूच्या मध्येही एक भिंतच आहे. तिच्यापलीकडे हात पोहोचवायचा आणि तिथला स्पर्श अलीकडे आणायचा, या खटाटोपातून आजचे हॅप्टिक हातमोजे आले आहेत. त्यांचं घराणं खेळण्यांच्या दुकानापासून सुरू होत नाही. ते हॉट सेलपासून सुरू होतं.

अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोअर्ट्झ या अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस पहिले यांत्रिक मास्टर-स्लेव्ह हात तयार केले. नुसतं डोळ्यांनी बघून चिमटा हलवला तर काचेची भांडी फुटतात, नाहीतर वस्तू निसटते, हे त्या कामात ठळकपणे पुढे आलं. जोर हाताला परत जाणवला पाहिजे. १९५४ मध्ये गोअर्ट्झ यांनी तारा आणि पट्ट्या काढून त्या जागी विजेच्या मोटारी बसवल्या. पलीकडे जितका अडथळा, तितकाच जोर मोटार अलीकडच्या मुठीवर लावत होती. आता दोन हातांमध्ये फक्त वायर होती.

आणि मध्ये फक्त वायरच असेल, तर पलीकडचा हात खरा असायलाच हवा असं कुठे आहे? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ मध्ये ‘ग्रोप’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. अणुप्रयोगशाळेतला अरगॉनचा यांत्रिक हात त्यांनी संगणकाला जोडला. पलीकडे आता किरणोत्सारी बाटली नव्हती, गणिताने रचलेले रेणू होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवताना जोर हाताला जाणवला, तर नुसतं चित्र बघून केलेल्या कामापेक्षा ते काम सुमारे दुपटीने चांगलं होत होतं. अस्तित्वातच नसलेली वस्तू माणसाने हाताने चाचपायला सुरुवात केली, ती इथे.

हातमोजा मात्र वेगळ्या वाटेने आला. १९७७ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या ‘सेयर ग्लोव्ह’मध्ये प्रत्येक बोटावरून एक लवचिक नळी जात होती. नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा घटक. बोट वाकलं की प्रकाश कमी पोहोचायचा आणि त्यावरून बोट किती वाकलं ते कळायचं. पुढे थॉमस झिमरमन यांनी याच धर्तीचा हातमोजा केला, तो हवेत गिटार वाजवता यावी या हौसेपोटी. जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल कंपनीने त्याला ‘डेटाग्लोव्ह’चं रूप दिलं आणि १९८७ मध्ये तो ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर झळकला. १९८९ मध्ये मॅटेल कंपनीने निन्टेन्डोच्या खेळांसाठी स्वस्तातला ‘पॉवर ग्लोव्ह’ बाजारात आणला. लाखो मुलांनी तो हातात चढवला, पण नेम धड लागत नसे आणि खास त्याच्यासाठी रचलेले खेळ जेमतेम दोनच निघाले. बाजारातून तो लवकरच गेला.

या सगळ्या हातमोज्यांना हात कळत होता. हाताला मात्र काहीच कळत नव्हतं.

हात कळण्याचं काम आज हातमोज्याशिवायही होतं. हेडसेटच्या पुढच्या अंगाला बसवलेले छोटे कॅमेरे हाताचं चित्र टिपतात. संगणक आधी चित्रात तळवा कुठे आहे ते शोधतो आणि मग त्यावर ठरावीक बिंदू बसवतो. गूगलच्या ‘मीडियापाइप’ या मोफत साधनात असे २१ बिंदू आहेत: एक मनगटावर आणि प्रत्येक बोटावर चार. हे बिंदू कुठे असतात ते संगणकाला शिकवण्यासाठी माणसांनी हातांच्या सुमारे ३० हजार छायाचित्रांवर एकेक खूण केली होती. ऑक्युलस क्वेस्ट या हेडसेटवर डिसेंबर २०१९ मध्ये ही सोय आली; अ‍ॅपलच्या २०२४ मधल्या व्हिजन प्रो हेडसेटसोबत तर हातात धरायचा कंट्रोलर दिलेलाच नाही. मीडियापाइपला साधा मोबाइल पुरतो. पालघरच्या किंवा बोईसरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुलगा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे हात धरून आपल्या बोटांचा सांगाडा पडद्यावर हलताना बघू शकतो, तोही एक पैसा न खर्चता.

कॅमेऱ्याच्या मर्यादा लगेच लक्षात येतात. एक हात दुसऱ्याच्या मागे गेला की कॅमेऱ्याला तो दिसत नाही. मूठ उलटी वळवली की बोटं तळव्यामागे दडतात आणि संगणकाला अंदाजावर चालावं लागतं. खोलीत अंधार असला की बिंदू थरथरू लागतात. तरीही ही बाजू बरीचशी मार्गी लागली आहे. अवघड आहे ती दुसरी बाजू.

ती किती अवघड आहे हे समजायला आपल्याच बोटाकडे जवळून बघावं लागतं. हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असल्याचा अंदाज आहे. त्यांचे चार प्रकार आहेत. काही तंतू सतत दाब आणि कडा टिपतात, काहींना कापड हलकेच सरकलेलं कळतं, काही कातडी ताणली गेल्याची खबर देतात, आणि काही इतके तरल असतात, की सेकंदाला दोन-अडीचशे वेळा होणारी बारीक थरथरही त्यांना जाणवते. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवर टेकवलेल्या दोन सुया वेगवेगळ्या कळतात. पाठीवर त्याच सुया तीन-चार सेंटिमीटर दूर असल्या तरी एकच वाटतात. तांदळातला खडा डोळ्यांच्या आधी बोटांना सापडतो, तो यामुळेच. त्वचेवरचा दाब पेशीत विजेचा संकेत कसा होतो, हे उलगडणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. इतक्या रोजच्या गोष्टीचं कोडं इतक्या उशिरा सुटलं.

अशा बोटाला फसवायचं म्हणजे वेग लागतो. सेकंदाला ९० चित्रं दाखवली की डोळ्यांना हालचाल सलग वाटते. स्पर्शाचा हिशेब मात्र सेकंदाला सुमारे हजार वेळा करावा लागतो. तो मागे पडला, की पडद्यावरची दगडी भिंत हाताला रबरासारखी लागते किंवा नुसती गुरगुरते.

बाजारात आज हातमोज्यांच्या तीन जाती दिसतात. पहिली जात थरथरणारी. मोबाइल खिशात थरथरतो तशीच इवलीशी मोटार प्रत्येक बोटाच्या टोकाशी असते. पडद्यावर बोट वस्तूला टेकलं, की ती क्षणभर थरारते. कोरियाच्या बीहॅप्टिक्स कंपनीचा ‘टॅक्टग्लोव्ह’ या जातीतला. त्याची किंमत ३०० डॉलरच्या आसपास ठेवली गेली. ‘लागलं’ एवढं तो सांगतो. कसं लागलं, ते सांगत नाही.

दुसरी जात लगाम खेचणारी. प्रत्येक बोटाच्या पाठीवरून एक दोरी मनगटाकडे जाते आणि तिथे ब्रेक असतो. पडद्यावरचा चेंडू मुठीत आला की ब्रेक लागतो, दोरी ताणली जाते आणि बोट मिटायचं थांबतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या सेन्सग्लोव्ह कंपनीचा ‘नोव्हा’ हातमोजा असा बोटाला सुमारे २० न्यूटनपर्यंत, म्हणजे दोन किलो वजनाच्या ओढीइतका, विरोध करतो.

तिसरी जात फुगणारी. हॅप्टएक्स या अमेरिकी कंपनीच्या ‘जी-१’ हातमोज्यात एका हातासाठी १३५ बारीक फुगे आहेत. दाबाखालची हवा त्यांत शिरते आणि ते कातडी आत ढकलतात. त्यामुळे तळहातावरून कोळी चालत गेला तर त्याचा एकेक पाय कुठे पडला ते जाणवू शकतं. मात्र हवेचा पंप पाठीवर वागवावा लागतो आणि २०२२ मध्ये जाहीर झालेली जोडीची किंमत होती ५,४९५ डॉलर. मेटा कंपनीनेही सात वर्षं खपून केलेला फुग्यांचा हातमोजा नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखवला; पण तो प्रयोगशाळेतला नमुना होता, विक्रीचा माल नव्हता.

आणि इतकं करूनही एक गोष्ट या तिन्ही जातींना जमत नाही. ती समजायला डहाणू तालुक्यातल्या गंजाडला जावं. जिव्या सोमा मशे याच गावचे. वारली चित्रं त्यांनी जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वारली चित्र काढतात. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. रेघ बारीक राहते, कारण भिंत हाताला थोपवते. सारवण जिथे खडबडीत तिथे काडी अडते, हात तिथे हलका होतो आणि पुढे जातो. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांच्या मनगटात हे सगळं मुरलेलं असतं. आता हीच काडी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत द्या. गूगलच्या ‘टिल्ट ब्रश’सारख्या चित्रकलेच्या कार्यक्रमात हवेत रेघा मारता येतात, पण टेकायला भिंत नाही. खांदा भरून येतो, मनगट तरंगत राहतं आणि तीन बाजू जुळवून काढलेला त्रिकोण बंद होता होत नाही.

महागातला हातमोजा घातला तरी इथे फारसा फरक पडणार नाही. हातमोजा बोटाला अडवतो तो हाताच्याच पाठीचा आधार घेऊन. त्यामुळे पेला धरल्यासारखा वाटतो. पण तोच पेला टेबलावर टेकवायला जावं, तर अख्खा हात टेबलातून खाली जातो, कारण दंडाला थोपवायला काहीच नाही. एखादी वस्तू आपल्याला मागे रेटते, तेव्हा तिने स्वतः कशाचा तरी आधार घेतलेला असतो. हॉट सेलमधल्या मॅनिप्युलेटरला हा प्रश्न पडत नाही. तो मीटरभर जाड भिंतीतच रोवलेला असतो. भिंत त्याच्या वाटेतला अडथळा आहे आणि तीच त्याचा टेकूही आहे.

म्हणूनच स्पर्शाचं गंभीर संशोधन बराच काळ टेबलाला घट्ट बसवलेल्या यंत्रांवर झालं. पवईच्या आयआयटी मुंबईत सुभासिस चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारसा-वस्तूंची त्रिमितीय प्रतिरूपं अशाच यंत्राच्या दांडीने चाचपता येतील, असं काम केलं. संग्रहालयात काचेआड ठेवलेली मूर्ती कोणालाच हात लावून बघता येत नाही. दृष्टी नसलेल्या माणसाला तर ती कळण्याचा दुसरा मार्गच उरत नाही. दांडी मूर्तीच्या कडेला अडली की बोटांना नाकाची धार, मुकुटाचा उंचवटा कळतो. चौधरी आणि अमित भारद्वाज यांचं २०१८ मधलं पुस्तक आणखी एका प्रश्नाशी झटतं: हाताला जोरातला किती फरक कळतो? भाजीच्या जड पिशवीत एक मिरची टाकली तर कळत नाही, दुधी टाकला तर कळतो. मग जो फरक हाताला कळणारच नाही, तो सेकंदाला हजार वेळा तारेतून पाठवायचा कशाला? तो वगळला तर दूरच्या यंत्राला हाताचा जोर पोहोचवण्याचं ओझं पुष्कळ हलकं होतं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीसाठी हा विषय खेळापुरता नाही. रसायनांच्या आणि पोलादाच्या कारखान्यांत अनुभवी कामगाराचं अर्धं ज्ञान हातात असतं. व्हॉल्व्ह किती आवळला की पुरे, पंपाच्या आवरणावर हात ठेवल्यावर थरथर नेहमीसारखी आहे की बेअरिंग गेलं आहे, हे त्याला हात सांगतो. नव्या मुलाला आग, गळती, बंद पडलेला पंप यांचा सराव खऱ्या यंत्रावर देता येत नाही. हेडसेटमध्ये तो प्रसंग उभा करता येतो. पण व्हॉल्व्ह फिरवताना हाताला विरोधच जाणवला नाही, तर मुलाला फक्त क्रम पाठ होतो. हात शिकत नाही. जवळच्या चिंचणी-वरोर पट्ट्यात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर ते उलटी नक्षी कोरतात, तेव्हा छिन्नीखाली धातू किती दबला हे नजरेआधी बोटाला कळतं. असं कसब पुढच्या हातात उतरवायचं, तर नुसतं चित्रण करून भागत नाही. छिन्नी किती जोराने दाबली, हेही नोंदवावं लागेल.

बोटाला अडवणाऱ्या हातमोज्यासाठी हजारो डॉलरच हवेत असं नाही, हे ‘ल्युसिडग्लोव्ह्ज’ या खुल्या प्रकल्पाने दाखवलं. त्याचा आराखडा कोणालाही मोफत मिळतो. सामान असं: साधा कापडी हातमोजा, थ्रीडी प्रिंटरवर काढलेले प्लास्टिकचे भाग, ईएसपी-३२ हे काहीशे रुपयांचं सर्किट, रेडिओचा आवाज कमी-जास्त करतात तसली पाच फिरती बटणं आणि गळ्यातलं ओळखपत्र ओढलं की लांबते, सोडलं की गुंडाळली जाते त्या चकतीतली दोरी. दोरीचं टोक बोटाच्या शेवटाशी, चकती हाताच्या पाठीवर. बोट वाकलं की दोरी बाहेर येते, चकतीबरोबर बटण फिरतं आणि बोट किती वाकलं तो आकडा संगणकाला जातो. विरोध हवा असेल तर प्रत्येक चकतीशेजारी खेळण्यातल्या विमानात असते तसली छोटी सर्व्हो मोटार बसवायची.

बोईसरच्या एखाद्या वर्कशॉपात हे सगळं एका टेबलावर मावेल. मूठ मिटत आणायची. पडद्यावर बोटांच्या मध्ये लाकडी चेंडू आहे. सर्व्होचा इवलासा दांडा टक्‌ करून वळतो, चकती अडते, दोरी ताठ होते, आणि तर्जनी त्या चेंडूवर थांबते.